लाइल हाउगेनचं अस्वल

"आता जे सांगतो, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही!" असं म्हणून लाइल हाउगेनने दारू सोडल्याच्या आपल्या नव्या पुस्तकावर थाप मारली. मुखपृष्ठावर तो दाढी वाढवून क्षितिजाकडे बघत होता. मिनेसोटातल्या त्या गावात बघायला दुसरं काही नसतंच म्हणा.

वाचनालयाचं तळघर खच्चून भरलं होतं. पुढे गावातली प्रतिष्ठित मंडळी. दुसऱ्याचं व्यसन त्यांना केकबरोबर फार रुचतं. मागे मंगळवारच्या बैठकीची माणसं. यांनी दारू सोडलेली, त्यामुळे कॉफीच्या किटलीवर धाड त्यांचीच.

"मी लाइल, आणि मी दारुडा," अशी त्याने सुरुवात केली, तशी मागची अख्खी रांग सवयीने गरजली, "नमस्कार, लाइल!" पुढच्या एका बाईंनी दचकून कॉफी मांडीवर सांडली.

त्या रांगेच्या टोकाला व्हर्ना लुंडक्विस्ट बसली होती. वय शहात्तर. लाइलने बाटली सोडली ती तिचं बोट धरून, आणि अजूनही बैठकीत त्याचा कान तिच्याच हातात होता. तिच्या पर्समध्ये दहा वर्षं न प्यायल्याचा पितळी बिल्ला होता. भाषण संपलं की ती तो सगळ्यांसमोर त्याला देणार होती. पुस्तक खपो न खपो, लाइलला तो बिल्ला हवा होता. कारण दहा वर्षांत व्हर्नाने त्याला एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. तिचा नियम एकच: आज थाप मारशील, तर उद्या पिशील.

पण समोर माणसं बसली की लाइलला राहवत नसे. दारू सुटली होती, जीभ सुटायची थांबली नव्हती.

"तळं गोठून दगड झालेलं. मी बर्फावरच्या खोपटात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेलो, हातात व्हिस्की. तेवढ्यात दार ढकलून अस्वल आत!"

"अगं बाई!"

"बसलं समोर, उलट्या बादलीवर. माझ्या हातातली बाटली घेतली, हुंगली, तोंड वाकडं केलं आणि दिली बर्फाच्या भोकात सोडून! मग माझ्या खांद्यावर पंजा ठेवला. तेव्हापासून थेंब नाही!"

पाद्रीबुवांनी डोळे पुसले. मागून मासेमारीत म्हातारा झालेला ऑर्डेल ओरडला, "लाइल्या, अस्वल काळं की तपकिरी?"

"काळं."

"मग असेल बाबा. काळी समजूतदार असतात."

लाइलने हळूच व्हर्नाकडे पाहिलं. ती पापणीही न लववता बघत होती. ती अडवत नाही म्हणून तो आणखी फुलला. अस्वल जाताना त्याला मिठी मारून गेलं, हेही सांगून मोकळा झाला.

कॉफी सांडलेल्या बाईंनी हात वर केला. "तो दिवस कुठला हो? आठवतो?"

आता, या मंडळींना बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण दारू सोडल्याची तारीख? झोपेत विचारा! लाइलच्या तोंडून ती सवयीने निसटली.

"एकोणीस एप्रिल!"

मागच्या रांगेने सवयीनेच टाळ्या सुरू केल्या. त्या मध्येच विरल्या. अख्खं अस्वल केसांसकट गिळलेली माणसं एकदम अडखळली.

"एप्रिलात?" ऑर्डेल उभाच राहिला. "अरे, मार्चातच सगळी खोपटी तळ्यावरून ओढून आणावी लागतात! एप्रिलात त्या बर्फावर बदकसुद्धा विचार करून उतरतं!"

"त्या वर्षी थंडी जरा लांबली होती..." लाइल पुटपुटला.

"लांबली होती? मी तेव्हा अंगणात बटाटे लावत होते," कुणीतरी म्हणालं.

मागे पर्सची चेन खर्रकन बंद झाल्याचा आवाज आला. पर्स कुणाची हे कळायला लाइलला मान वर करावी लागली नाही.

"लाइल," व्हर्ना उठून म्हणाली, "एकोणीस एप्रिलला तू माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या केकच्या भांड्यात ओकत होतास. बाटली मोरीत मी ओतली. अस्वल म्हणे!"