वॉरंटी वर खेचणारी कडी

सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, तरी उस्तादांच्या गॅरेजबाहेर चौदा गाड्यांची रांग लागली होती. माणसांचं तर विचारूच नका. कोणी जुन्या टायरवर बसलेलं, कोणी कुंपणाच्या भिंतीवर चढलेलं, आणि दोघेतिघे हातातला चहा प्यायचं विसरून आ वासून उभे. मध्ये एक जीप होती. तिच्या बोनेटवर हात लांब करून उस्ताद उभे होते. चिमटीत काळा दोरा, दोऱ्याला पितळेची कडी. कडी आधी नुसती मागेपुढे झुलत होती. उस्ताद डोळे अर्धवट मिटून काहीबाही पुटपुटले, आणि बघता बघता कडी गोल फिरायला लागली. गर्दीने श्वास रोखून धरला होता तो सोडला आणि टाळ्या वाजवल्या.

उस्ताद गाड्या उंच करून देत. चाकांवरच्या स्प्रिंगा बदलायच्या, मध्ये ठोकळे घालायचे, की गाडी चारपाच बोटं वर उठते आणि खडकाळ रस्त्यावर तिचं पोट घासत नाही. याला म्हणतात लिफ्ट. त्यात चमत्कार कसला? असं काम करणारी गॅरेजं ढीगभर आहेत. पण नव्या गाडीला बाहेरून असं काही बसवलं की कंपनीची वॉरंटी गेलीच, अशी लोकांना धास्ती असते, आणि उस्तादांनी नेमकी ती धास्ती हेरली होती. त्यांचं शास्त्र ऐकण्यासारखं होतं. म्हणे गाडी उचलली की लोखंड वर जातं, पण वॉरंटी बिचारी जुन्याच उंचीवर लोंबकळत राहते. तिला कडीने हळूहळू वर खेचावं लागतं. कडी मागेपुढे झुलली तर वॉरंटी खाली, गोल फिरली तर वॉरंटी वर. मग तीच कडी बोनेटखाली बांधून टाकायची. कडीचा दर लिफ्टपेक्षा जास्त होता, हे सांगायला नकोच.

आणि लोकांपाशी पुरावा होता हो! कडीवाल्या गाड्यांची कामं कंपनीने खरोखर फुकट करून दिली होती. एकाचा एसी, एकीच्या खिडकीची मोटर, एकाचा भोंगा. रांगेतला जो तो दुसऱ्याला हेच सांगत होता.

रांगेच्या टोकाला उभी राहून ताई हे ऐकत होती आणि तिला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. कारण हे सगळे दावे मंजूर करणारी बाई तीच होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीच्या टेबलावर तिची अकरा वर्षं गेली होती. बिघडलेला भाग बघायचा, पुस्तिका उघडायची, लिफ्टमुळे तो बिघडला का ते तपासायचं आणि सही करायची, एवढंच तिचं काम. हल्ली बोनेटखाली पडद्याच्या कड्या सापडतात, असं मेकॅनिक हसत सांगायचे. त्या कड्या आपल्या सहीचं श्रेय लाटताहेत, हे तिला आज कळलं.

ती आली होती धाकट्या भावासाठी. भाऊ चष्मे करायचा. होतं नव्हतं ते दुकान विकून त्याने नवी गाडी घेतली होती आणि मागे डोळे तपासायची खुर्ची, अक्षरांचा तक्ता आणि काचांच्या पेट्या बसवल्या होत्या. डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना चष्मे करून द्यायचे, असा बेत होता. गाडी हेच आता त्याचं दुकान, आणि आज रांगेत त्याचा तिसरा नंबर होता.

ताईचा जीव टांगणीला लागला होता. उस्तादांचं काम तिने पाहिलं होतं. गाडी वाट्टेल तेवढी उचलायची, मग चाक फिरवणारा दांडा तिरका होतो, सांध्यावरचं रबर फाटतं, ग्रीस गळतं आणि सांधा तुटतो. असे तीन दावे तिने याच वर्षी नाकारले होते. डोंगराच्या मधोमध सांधा गेला, तर भावाचं दुकान तिथेच बसलं असतं आणि त्याच्यासोबत घरही. आठवडाभर ती त्याला हेच समजावत होती. तो म्हणायचा, ताई, तू टेबलावर बसतेस, तुला बाहेरचं काय कळतं?

शेवटी ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि आपण कोण ते तिने सांगितलं. उस्ताद पक्के मुरलेले. ते लगेच लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, कडीने कंपनीलाच इथवर खेचून आणलं!" लोक खो खो हसले. ताईलाही हसू आलं, पण ती जागची हलली नाही.

कडी बांधल्यावर कोणाकोणाचं काम फुकट झालं, असं तिने विचारलं. सात हात वर गेले. काय काय झालं? एसी, खिडकी, भोंगा, रेडिओ, पुन्हा एसी. यातली एक तरी वस्तू चाकापाशी असते का, असं तिने विचारलं, तेव्हा हात जरा संकोचून खाली आले. मग ती म्हणाली, कडी असूनही कोणाला नकार मिळाला?

माणसं आपापल्या चपला न्याहाळू लागली. त्यांतला एक टॅक्सीवाला पुटपुटला, "माझा पुढचा सांधा गेला. उस्ताद म्हणाले, कडी बांधताना माझ्या मनात शंका आली असणार. आली होती खरी." त्याच्या मागून आणखी दोघांनी मान हलवली. त्यांच्याही मनात म्हणे शंका आली होती.

बाजू लंगडी पडतेय हे पाहून उस्तादांनी आवाज चढवला. कागदावरच्या गोष्टी सोडा, कडी डोळ्यांदेखत फिरते की नाही? लोकांनी माना डोलावल्या. कडी फिरते हे तर खरंच होतं.

तेवढ्यात त्या तिघांचं ऐकून चपापलेला धाकटा भाऊ आपल्या गाडीत चढला आणि डोळे तपासायची गोल चौकट घेऊन आला. तिच्यात त्याने दोन्हीकडे काळ्या चकत्या बसवल्या.

"उस्ताद, मी एक डोळा तपासताना दुसरा झाकतो," तो म्हणाला. "नाहीतर माणूस चांगल्या डोळ्याने वाचतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. तुमची कडी खरी असेल तर तिला तुमचे डोळे कशाला लागतील?"

आता नाही कसं म्हणणार? उस्तादांनी चौकट डोळ्यांवर चढवली. भावाने त्यांना हाताला धरून अंगणात चार चकरा मारून आणलं आणि उभं केलं. कडी झोकात गोल फिरली. समोर पाण्याचं पिंप होतं. पुढच्या वेळी कडी नुसती मागेपुढे झुलली, आणि समोर मघाचीच वॉरंटी वर आलेली जीप होती. तिसऱ्या वेळी कडी पुन्हा गोल फिरली. तिथे चहावाल्याची सायकल होती. पिंपाची आणि सायकलची वॉरंटी वर आल्यावर गर्दीला हसू आवरेना.

काळ्या चकत्यांनी ऊर्जा अडते, असं उस्ताद म्हणाले. बोनेटच्या पत्र्यातून जाते आणि एवढ्याशा चकतीने अडते, होय? भावाने कडी घेऊन भिंतीतल्या खिळ्याला टांगली. ती ढिम्म हलेना. मग त्याने ती टॅक्सीवाल्याच्या हातात दिली आणि ती गोल फिरतेय असं मनात आणायला सांगितलं. कडी फिरली. टॅक्सीवाला घाबरून म्हणाला, आपण काहीच केलं नाही. भावाने त्याला समजावलं की मनात जसं येतं तशी बोटं नकळत बारीकशी हलतात, आणि लांब दोऱ्याच्या टोकाला ती हालचाल मोठी होऊन दिसते. मग काय, कडी या हातातून त्या हातात फिरू लागली. ज्याला जशी हवी, तशी ती त्याच्या हातात फिरत होती.

गलका ओसरल्यावर ताई बोलली. तिला त्या तिघांचा खरंच कळवळा आला होता.

"लिफ्ट बसवली म्हणून आमच्या कंपनीची सगळी वॉरंटी मरत नाही. लिफ्टमुळे जे मोडलं तेवढंच नाकारलं जातं. तुमचा एसी तुमच्या हक्काचा होता, आणि आभार तुम्ही कडीचे मानलेत. सांधा मोडला यांच्या कामामुळे, आणि दोष तुम्ही स्वतःच्या मनाला दिलात."

टॅक्सीवाल्याने आपलं बोनेट उघडलं, कडी सोडली आणि उस्तादांच्या हातावर ठेवली. सांधा कधी बदलून देताय, एवढंच त्याने विचारलं. बाकीचे दोघे त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

धाकट्याने गाडी रांगेतून बाहेर काढली आणि ताईला विचारलं, मग मी किती उंच करू? ती म्हणाली, मला विचारू नकोस, पुस्तिका वाच. आणि जे पुस्तिकेत नाही ते काम करण्याआधी कंपनीला विचार, लेखी विचार, उत्तरही लेखी घे. भावाने गाडीच्या कप्प्यातून पुस्तिका काढली. तिचं प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा अजून फाडलेलं नव्हतं.

तो वाचायला लागला तशी लोकांनी भोवती दाटी केली. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून कोणीतरी ओरडलं की मोठ्याने वाच. मग जो तो आपापल्या गाडीकडे पुस्तिका आणायला पळाला.