खोटं न सोसणारं आसन

मी मानाबी प्रांताच्या किनाऱ्यावरचं दगडी आसन बोलतोय. उभ्याने ऐकलंत तरी चालेल, पण मध्ये तोंड घालू नका. मला सरदारांची सवय आहे.

इथल्या जुन्या मांतेन्यो लोकांनी मला एका अखंड दगडातून कोरलं. खाली गुडघे टेकलेला माणूस, वर बसायची खोबण. आमच्या लोकांचे तराफे लाल शिंपले घेऊन दूरदूरच्या बंदरांना जायचे. गावाचा निवाडा टेकडीवर, माझ्याजवळ व्हायचा. माझ्यावर बसून खोटं बोलायचं नाही, हा दंडक.

मग स्पॅनिश जहाजं आली, मागोमाग देवीची साथ. घरंच्या घरं ओस पडली. उरलेले रानात पांगले, भाषासुद्धा विसरले. मी झुडपांत पडलो आणि शेळ्या माझ्या अंगावर नाचल्या. काय दिवस ते!

दंडक मात्र कुणी विसरलं नाही. इथे राहणाऱ्या एउलोहियाच्या आजोबांनी मला झुडपांतून काढून आपल्या अंगणात आणलं. ही बाई माझ्यावर कोयता घासते, ते मला मुळीच खपत नाही. पण गावात तंटा झाला की बोलणाऱ्याला माझ्यावरच बसवतात.

गेल्या दुष्काळात शहरातून एक व्यापारी ट्रक घेऊन आला. ट्रकवर पाण्याची भलीमोठी टाकी.

"टाकी तुमची, दगड माझा," तो म्हणाला. "ते जुने लोक केव्हाच संपले. तुमचा त्यांच्याशी संबंध काय?"

एउलोहियाचा जावई विल्तेर लगेच तयार. "आई, दोन कोसांवरून गाढवाने पाणी आणता. हा दगड पाणी पाजणार आहे का?"

"द्या की, जावईबापू," ती म्हणाली. "फक्त त्याच्यावर बसून सांगा, हा कुणाचा?"

विल्तेर हसत हसत माझ्यावर बसला. तोंड उघडलं, मिटलं. सगळं गाव कुंपणाशी उभं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

"माझा नाही," तो शेवटी म्हणाला. "टेकडीवरच्या लोकांचा."

"आणि ते कोण?"

"आपणच की, आई."

ट्रक वळणाआड जाईपर्यंत सगळे टाकीकडे बघत राहिले.

सकाळी एउलोहिया गाढवावर डबे चढवत होती. विल्तेरने तिच्या हातातला दोर ओढून घेतला. "टाकी मी घालवली ना? मग आता मीच तुमची टाकी!"

आमचे लोक संपले, असं कुठे वाचलं असेल, तर जरूर इकडे या. माझ्यावर बसा, आणि विल्तेरकडे बघून तेच वाक्य एकदा म्हणून दाखवा.