नवख्या हाकांचा रविवार

जानेवारीत एल्वुडच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आमचा नाच मुका झाला.

कॉन्ट्रा नाचात दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात, आणि पुढे काय करायचं ते स्टेजवरचा एक माणूस हाक देऊन सांगतो. शेजाऱ्याला गिरकी, चौघांचा गोल, रांगा पुढे, रांगा मागे, आणि मग हाच क्रम पुन्हा पहिल्यापासून, फेरीमागून फेरी. आमच्या गावात अडतीस वर्षं ही हाक एल्वुडचीच होती. आता त्याला जेमतेम कुजबुजता येत होतं, आणि डॉक्टरांनी आवाज चढवायला कायमची बंदी घातली होती.

हॉलची किल्ली माझ्याकडे असते. हॉल गरम करायची भट्टी पेटवणं, पत्रकं चिकटवणं, वादकांना फोन करणं ही कामं माझी. फेब्रुवारीत नाचाच्या समितीतल्या दोघांनी सुचवलं, की नाच बंद करावा. मी म्हटलं, "एक महिना द्या." मग पशुखाद्याच्या दुकानात माझ्या नावाने चिठ्ठी लावली: हाक द्यायला शिकायचं असेल तर मंगळवारी संध्याकाळी लोइसच्या स्वयंपाकघरात या.

तिघं आले. टोबायस हा निवृत्त सर्वेअर, स्वतःवर भलताच विश्वास असलेला. लायमनची मेपलची बाग आहे, त्या झाडांचा रस आटवून तो गोड पाक करतो. आणि कॉरिन, शाळेची बस चालवणारी, सव्वीस वर्षांची, इतकी हळू बोलणारी की मला दोनदा "काय म्हणालीस?" विचारावं लागलं.

तिघांना शिकवणार कोण? मी एल्वुडच्या घरी गेले. त्याने ऐकून घेतलं.

"तुमचं तुम्ही करा," तो कुजबुजला. "मला त्यात ओढू नकोस, लोइस."

त्याची बायको मर्ना मला गाडीपर्यंत सोडायला आली. "मनावर घेऊ नकोस. घरीसुद्धा असाच आहे. काल मी रेडिओ लावला तर उठून बाहेर गेला."

गाडीत बसल्यावर मला वाटलं, आपण चुकलो. माणसाचा आवाज जाऊन दोन महिने झाले नाहीत, आणि आपण त्याच्या जागी तिघं उभे करायला निघालो.

पण चिठ्ठी लागली होती. आम्ही टेबलावर मिठाच्या नि मिरीच्या बाटल्यांच्या जोड्या मांडून सराव करू लागलो. टोबायसने तीन रंगांत टाइप केलेली कार्डं आणली होती. लायमन विसरायचा आणि हसायचा. कॉरिन बाटल्यांकडे बघत पुटपुटायची.

"अगं, बसमधे मुलांवर कशी ओरडतेस?" मी विचारलं.

"ओरडत नाही. आरशात बघते. गप्प बसतात."

मार्चमधला एक रविवार ठरवला, दुपारी तीनची वेळ. संध्याकाळी जमणारे पट्टीचे नाचणारे नकोत, दुपारी येणारे गावातले लोक बरे, असा माझा हिशेब. आठ नाच आखले. आधी सोपे, मग जरा गुंतागुंतीचे, आणि लागोपाठ दोन नाचांत त्याच हालचाली नकोत. टोबायसला पहिल्याच झटक्यात सगळ्यात अवघड नाच घ्यायचा होता. त्यावरून आमची चांगली वादावादी झाली. शेवटी मी त्याला सुरुवातीलाच एक मध्यम अवघड नाच दिला आणि तिथेच चूक केली.

रविवारी सकाळी सातला लायमनचा फोन आला.

"लोइस, रस सुटलाय. काल रात्री गोठलं नि आता ऊन पडलंय, बादल्या भरून वाहताहेत. मला रस आटवायच्या भट्टीपासून हलता येणार नाही."

"आजच सुटायचा होता?"

"झाडांना तुझं पत्रक वाचता येत नाही गं. पाक पाठवतो, चांगला डबाभर."

आठाचे सहा नाच झाले. मी कागदावर काट मारली आणि खाण्याची सुट्टी लांबवली.

दाराशी चिखलाच्या बुटांची रांग लागली, चाळीसएक जोड तरी असतील. इतके लोक मी धरले नव्हते. आणि पावणेतीनला मर्ना आत आली, मागे एल्वुड. त्याने कोट काढला नाही. भिंतीशी बाकावर हाताची घडी घालून बसला. मला वाटलं, हा बघायला आलाय, आपल्याशिवाय सगळं कसं कोसळतं ते.

पहिला नाच टोबायसचा. त्याने संगीताशिवाय एकेक चाल समजावून सांगायला घेतली आणि पंधरा मिनिटं समजावतच राहिला. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर येऊ लागले. मग आमच्या वादकांतल्या आर्मांडने व्हायोलिन उचललं. टोबायसची एकही हाक चुकीची नव्हती, पण प्रत्येक हाक पाऊल पडतानाच येत होती. हाक आधी यावी लागते. लोकांनी ऐकेपर्यंत वेळ निघून जायची. तिसऱ्या फेरीला अर्धी रांग गोलात होती आणि अर्धी गिरकीत. मधे एक म्हातारी एकटीच हात पुढे करून उभी. चौथ्या फेरीला आर्मांडने गज खाली केला.

टोबायस मान खाली घालून कार्डं चाळत होता. मी उठून स्टेजकडे निघाले.

पण माझ्याआधी एल्वुड पोहोचला. कोटासकट स्टेजवर चढला, टोबायसच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला, नि खाली उतरला. टोबायसने मान वर केली.

"माफ करा," तो म्हणाला, "चूक माझी आहे, तुमची नाही. आपण दुसरा सोपा नाच घेऊ."

कुणीतरी टाळी वाजवली. त्याने कार्डं खिशात घातली, माणसांकडे बघून हाक दिली आणि नाच शेवटपर्यंत गेला. फार सुंदर नव्हता, पण गेला. मी बाकावर टेकले.

नंतर टोबायसला विचारलं, काय म्हणाला रे एल्वुड?

"म्हणाला, मी पहिल्या दिवशी तीन नाच पाडले होते. तुझा एकच झालाय."

मग कॉरिन. माइकजवळ जाऊन तिने सगळ्या हॉलवर एकदा नजर फिरवली, आणि लोक खरंच गप्प झाले. ती मोजकंच बोलली, पण वेळेआधी. चौथ्या फेरीला लोकांचे पाय चाल शिकले, तशी ती थांबली आणि संगीताला जागा दिली. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

मी रांगेकडे पाहिलं. एल्वुडने कोट काढला होता. तो मर्नासमोर उभा होता.

अडतीस वर्षं तो स्टेजवर आणि ती खाली, दुसऱ्यांच्या नवऱ्यांबरोबर. गावातल्या कुणालाही त्याला नाचताना पाहिल्याचं आठवत नव्हतं. आणि त्याला नाचता येत नव्हतं. नाच सगळे पाठ, पण पायांना काही माहीत नाही. चौघांनी उजवे हात मधे जोडायचे तिथे त्याने डावा पुढे केला, आणि उलटा निघाला.

"एल्वुड, उजवा हात," कॉरिन माइकवरून म्हणाली. त्याच मवाळ आवाजात.

मग एल्वुड हसायला लागला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. हसू रांगेभर पसरलं. पुढच्या फेरीला हात बरोबर पडला.

पाच वाजता आम्ही परातींत बर्फ भरून आणला आणि लायमनचा गरम पाक त्यावर ओतला, की तो चिक्कीसारखा घट्ट होतो आणि उचलून खाता येतो. सोबत गोडाला उतारा म्हणून आंबट काकड्या, आणि डोनट, घेवड्याचं मोठं भांडं. समितीतले ते दोघे काकड्या खात एप्रिलच्या तारखा काढत होते.

एल्वुड डोनट घेऊन माझ्याजवळ आला. ऐकायला मला वाकावं लागलं.

"मंगळवारी किती वाजता जमता?"

"सहाला."

"त्या टोबायसला कार्डं घरी ठेवून यायला सांग."

हॉल रिकामा झाल्यावर मी आणि मर्ना भांडी धुवायला उभ्या राहिलो. महिनाभरात पहिल्यांदाच मला कशाची यादी करावीशी वाटत नव्हती. मर्नाने नाचाचे जोडे काढून एक पाऊल दुसऱ्यावर चोळलं.

"दोनदा पाय तुडवला त्याने," ती म्हणाली. "त्याला सांगू नकोस हं. नाहीतर परत बाकावर जाऊन बसेल."