मी, उठू न देणारा सोफा

मी सोफा बोलतोय. पण 'या, बसा' असं आज माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे आणि ते लपवायची मला इच्छाही नाही.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथल्या मालकाचा कारागिरांमागे एकच धोशा असे, "माणूस बसला की आत बुडाला पाहिजे!" म्हणून माझे पाय आखूड ठेवले, हात नावापुरते केले आणि पोटात असा मऊ स्पंज भरला की टेकलेलं माणूस थेट तळाला जावं. त्याने उठायचं कसं, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. दुकानात बसलेल्यालाच सोफा विकला जातो ना!

मला एका समुपदेशक बाईंनी पसंत केलं. माझ्यावर बसून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कुणीतरी कुशीत घेतल्यासारखं वाटतं." झालं! दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत माझी वर्णी लागली. मनातलं बोलायला आलेली माणसं माझ्यावर बसायची, रडायची, नाक पुसून निघून जायची. त्यांचे गुडघे धडधाकट होते, त्यामुळे माझंही कौतुक व्हायचं.

मग वरच्या मजल्यावरचे मेंदूचे डॉक्टर मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्यांना खाली पाठवू लागले. या आजारात शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. मेंदू सांगतो आणि पाय ऐकत नाहीत. कधी डोळ्यांपुढे धूसर होतं, कधी झोपून उठल्यावरही हातात कंगवा धरवत नाही. वरून मात्र माणूस अगदी ठणठणीत दिसतं, म्हणून येणारा-जाणारा फुकटचा सल्ला देऊन जातो.

त्यांतल्याच एक मास्तरीणबाई. शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. उंच, जिभेला धार, हातात काठी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम, आजार सापडायच्या आधी सगळे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत, समुपदेशन घे. आता सापडला, तर म्हणतात, नसांचा आजार, नुसतं बोलून काय होणार? मग मी रडायचं कुठे, तेवढं सांगा."

मला त्या तिथेच आवडल्या. घरी त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं, शाळेत हसून वेळ मारून न्यायच्या. मन मोकळं करायला ही एकच खोली उरली होती, आणि नेमका त्या खोलीत मी!

वेळ संपली की समुपदेशक बाई चष्मा काढायच्या. मास्तरीणबाई काठी रोवायच्या, जोर लावायच्या आणि परत माझ्यात रुतायच्या. ते कळू नये म्हणून काहीतरी विषय काढायच्या. "पडदे नवे का हो?" "त्या कुंडीला पाणी जास्त होतंय." तेवढ्यात पायांत बळ येईल ही आशा. यातून समुपदेशक बाईंनी काय काढावं? एके दिवशी अगदी हळुवार आवाजात विचारलं, "निरोप घेणं तुम्हाला जड जातं का?"

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. मग हसून म्हणाल्या, "असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पुढच्या कित्येक भेटी त्या एका 'असेल'वर खर्ची पडल्या. लहानपणी आई सोडून जायची का, जवळचं कुणी दुरावलं का... अहो, मांड्यांत जोर नाही त्यांच्या! डोळ्यांदेखत काठी घसरतेय आणि तुम्ही त्यांच्या आईच्या मागे लागलात? बाईंचा हेतू वाईट नव्हता, मला ठाऊक आहे. प्रत्येक वागण्यामागे मन शोधायचं हेच त्या शिकल्या होत्या. पण म्हणून समोरचे पाय दिसू नयेत?

शेवटी मास्तरीणबाईंनी सांगून टाकलं, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही." एवढं बोलूनही त्या उठेनात, तेव्हा बाहेर थांबलेला नवरा आत आला.

"अगं, ऊठ ना. मॅडमना पुढची माणसं आहेत." असं म्हणत त्याने बगलेत हात घालून पोतं ओढावं तसं त्यांना ओढलं. काठी खाली पडली.

"हात लावू नकोस!" मास्तरीणबाई कडाडल्या. "आणि मॅडम, मला इथून जाणं जड जातं, असं कुणी ठरवलं? मला उठता येत नाही! या मेल्या सोफ्यातून उठताच येत नाही!"

समुपदेशक बाई पांढऱ्याफटक पडल्या. "तुम्ही कधी बोलला नाहीत..."

"दिवसभर तेच तर बोलते! शिपायाला, कंडक्टरला, नणंदेला. हे जमत नाही, ते जमत नाही. एका खोलीत तरी न सांगता कळावं असं वाटलं होतं."

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावून बसतेस," नवरा पुटपुटला.

"रागावलेच आहे! तुझ्यावर, यांच्यावर, या पायांवर. पण राग वेगळा आणि उठता न येणं वेगळं. दोन्ही ऐकून घे की रे!"

आता समुपदेशक बाई 'शांत व्हा' म्हणणार, अशी मला धास्ती वाटली. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मास्तरीणबाईंसमोर जमिनीवर बसल्या. "मी चुकले. मी पाहिलंच नाही. आत्ता काय करू?"

"आधी मला याला शिकवू द्या." मग त्यांनी नवऱ्याला सांगितलं, समोर उभा राहा, हात पुढे कर, ओढू नकोस, मीच धरीन. तो मुकाट्याने उभा राहिला. दोनदा त्या मागे कोसळल्या, पण तो ओढायला गेला नाही. तिसऱ्यांदा उठल्या.

दारात थांबून म्हणाल्या, "उंच, कडक, हातांची खुर्ची ठेवा. मग बघते."

त्याच संध्याकाळी मला व्हरांड्यात काढलं आणि माझ्या जागी तशी खुर्ची आली. हरकत नाही, पण माझा राग गेलेला नाही. इथेही तीच माणसं येतात आणि परिचारिका माझ्याकडेच बोट दाखवते, "आरामात बसा हं!" कसला आलाय आराम? माझे पाय उंच करा, नाहीतर मला भंगारात घाला. आणि तुमच्या डोळ्यांसमोर कुणी धडपडत असेल, तर त्याच्याबद्दल मनातल्या मनात काही ठरवू नका. त्याला विचारा.

आत्ता खोलीचं दार बंद आहे. आतून मास्तरीणबाईंचा चढलेला आवाज येतोय. आजार, मुख्याध्यापक, नणंद, सगळ्यांना त्यांनी फैलावर घेतलंय. शेजारी थांबलेले एक म्हातारे गृहस्थ दचकून विचारतात, "अहो, आत भांडण चाललंय का?"

माझ्या अगदी टोकावर बसलेला नवरा मान हलवतो.

"नाही हो," तो म्हणतो, "माझी बायको बोलतेय."