काटा सापडेपर्यंत

इरावतीने हातमोजा काढला आणि पूर्वी नावाच्या तरुण सोबतिणीच्या सायकलचं मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. हवा भरपूर होती. सवयीने तिने चाक हळूच फिरवलं, टायरवर बोट टेकवून ठेवलं, आणि बोट अडलं. हॉथॉर्नचा, इथल्या कुंपणाच्या झुडपाचा, काटा होता. आत चांगला रुतलेला, चिमटीत धरण्यापुरता बाहेर राहिलेला.

असा काटा वाटेत काढायचा नसतो. काढला की हवा गेली. राहू दिला तर तोच भोकाला बूच होतो आणि माणूस मजेत घरी पोचतो. हे तिला सांगलीत वडिलांनी बाभळीच्या काट्यावर शिकवलं होतं. “स्वतःचं पंक्चर काढशील त्या दिवशी सायकल मिळेल,” असं त्यांनी बजावलं होतं. मग परकरातली इरावती अंगणात घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसायची, आणि समोरच्या काकू म्हणायच्या, “अहो, पोरीला पोळ्या शिकवा आधी.”

कॅफेच्या काचेआड सुचेता हसत होती. डोकं मागे टाकून, टेबलावर थाप मारून. हे हसू इरावतीने परत आणलं होतं. नवरा विनय गेल्यावर सुचेता पडदे ओढून घरात बसली होती. तीस वर्षं जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून लोकांना “रोज चालत जा” सांगणारी बाई स्वतः दारापर्यंत येईना. इरावतीने तिला ओढून ट्रेंट नदीच्या काठी नेलं, जुनी सायकल दिली आणि अठ्ठावन्न वर्षांच्या मैत्रिणीच्या सीटला धरून पळत सुटली. “सोडू नकोस गं इरा!” “सोडलंय केव्हाच!” त्यानंतर नॉटिंगहॅमच्या आसपासच्या एकाही वाटेवर सुचेता दुसऱ्या कुणाच्या चाकामागून गेली नव्हती. पुढून इरावती ओरडायची, “खड्डा!” मागून सुचेता म्हणायची, “हो!” तो ‘हो’ आल्याशिवाय पुढच्याने पायडल मारायचं नाही, हा नियमही इरावतीचाच.

सप्टेंबरपासून ही पूर्वी सोबत यायला लागली. नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, एका बोटावर उचलता येईल अशी सायकल असलेली. आता पुढे ती असे, तिच्यामागे सुचेता, आणि शेवटी इरावती. हाका इंग्रजीतून येत आणि सुचेता त्या मागे पोचवी, न वळता.

आणि आज, चहा येता येता, सुचेताने मे महिन्याचं सांगितलं होतं. इंग्लंडच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत जायचं होतं. एका समुद्रात मागचं चाक बुडवून निघायचं, दुसऱ्यात पुढचं बुडवून थांबायचं. इरावतीचं फार जुनं स्वप्न.

“खोल्या बुक केल्या गं. सगळीकडे एक ट्विन, एक सिंगल. ट्विनमध्ये पूर्वी आणि मी. सिंगल तुला. चालेल ना?”

“न चालायला काय झालं?” इरावती म्हणाली होती, आणि टायर बघून येते म्हणून उठली होती.

तिने एकदा काचेकडे पाहिलं. मग काटा चिमटीत धरला आणि ओढला.

हवा बारीक आवाज करत सुटली. इरावतीने काटा तळव्यात ठेवला, त्यावर हातमोजा चढवला आणि आत जाऊन गार झालेला चहा प्यायली.

“हे काय!” बाहेर आल्यावर पूर्वी चाकाशी वाकली. “पूर्ण फ्लॅट आहे हो. सॉरी मावशी, मी अनिशला फोन करते, तो कार घेऊन येईल. तुम्ही दोघी निघा, उगाच कुडकुडत बसू नका.”

तुम्ही दोघी निघा. हेच तर हवं होतं. इरावतीने हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला.

“नवऱ्याला कशाला बोलावतेस?” सुचेताने जॅकेटच्या बाह्या वर केल्या. “आण इकडे. इरा, तू बस. आज मी काढते.”

“तू?”

“मी. तिकडे डोंगरात तू एका टेकडीवर आणि आम्ही दुसऱ्या, असं झालं तर? किती दिवस तुझ्या जिवावर फिरायचं?”

तिने चाक उतरवलं. टायर उचकटायची लिव्हर दोनदा निसटली, बोटं काळी झाली, पण टायरची कड सुटली. इरावती बाकावर बसून पाहत राहिली. सुचेताने रुमालाची घडी बोटाला गुंडाळली आणि ती टायरच्या आतून फिरवू लागली. अगदी इरावतीसारखी.

“हे लक्षात ठेव, पूर्वी. घाई करून नवी ट्यूब घालायची नाही. आधी काटा शोधायचा. काटा सापडेपर्यंत ट्यूबला हात लावायचा नाही, नाहीतर दोन मैलांवर पुन्हा तेच. हे माझं नाही हं, हिचं आहे.”

एक फेरी झाली. दुसरी झाली. वारा बोचरा होता. सुचेताच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

“नसेल मावशी. पडला असेल.”

“असा पडत नाही तो. इरा म्हणते, तो असतोच.” तिने तिसरी फेरी सुरू केली.

इरावतीच्या मुठीत टोचत होतं.

“इरावतीमावशी, तुम्ही लकी आहात बाई,” पूर्वी हात चोळत म्हणाली. “सिंगल रूम! मला तर इअरप्लग्स आणायची ऑर्डर आहे.”

“मग?” सुचेता टायरमधूनच बोलली. “वेल्सला माझ्या घोरण्याने ही तीन रात्री झोपली नाही. चौथ्या दिवशी चढावर हिचे पाय गळाले. बोलली नाही, पण मी बघत होते ना. ही झोपली तर आपण त्या समुद्राला पोचणार. तू काय, तरुण आहेस, एखादी रात्र जाग.”

इरावती उठली. तिच्या गुडघ्याने कट्ट केलं.

“दे इकडे,” ती म्हणाली.

तिने पाठ जराशी वळवली, हातमोजा काढला, टायरमध्ये हात घातला. बराच वेळ घालवला. मग हात बाहेर काढून तळवा उघडला.

“हा बघ.”

“वॉव!” पूर्वी म्हणाली. “मावशींच्या तीन फेऱ्यांत नाही सापडला!”

सुचेताने काटा उचलला नाही. ती तळव्याकडे पाहत होती. मधोमध एक बारीक भोक होतं, आणि त्याच्याभोवतीचं रक्त सुकून तपकिरी झालं होतं. तिने खिशातून ओला टिश्यू काढला, तळवा पुसला, पट्टी चिकटवली आणि अंगठ्याने दाबून धरली. जरा जास्तच वेळ.

“टिटॅनसचं झालंय ना तुझं?”

“झालंय.”

“बरं.”

ट्यूब तिनेच घातली. हवा पूर्वीने भरली.

निघताना पूर्वी नेहमीसारखी पुढे झाली आणि वळणाआड दिसेनाशीही झाली. तिच्या चाकामागे राहायचं तर सुचेताला जोर लावायला हवा होता. तिने लावला नाही. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुंपणं ट्रॅक्टरने नुकतीच छाटली होती. इरावती दहा हात मागे होती, नजर सुचेताच्या मागच्या चाकावर ठेवून.

सुचेताने डावा हात खाली करून रस्त्याकडे बोट दाखवलं.

“इरा! काटे पडलेत. माझ्या मागून ये.”

इरावतीने रस्त्यावरच्या काट्यांकडे पाहिलं.

पुढे सुचेताची सायकल नुसती घरंगळत होती, टकटक वाजत, हळू होत. तिने पायडल मारलं नाही.

“हो,” इरावती म्हणाली.