मीडियम

विद्यापीठात फॅशन डिझाइन शिकायला आल्यावर पहिल्याच महिन्यात तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची 'मीडियम' झाली. झालं असं, की मापं घ्यायच्या तासाला मॅडमनी एकेका मुलीला पुढे बोलावून टेप लावली. कुणाची कंबर जास्त भरली, कुणाचे खांदे कमी. हिची पाळी आली, तर छाती, कंबर, पाठीची लांबी, सगळं भिंतीवरच्या तक्त्यातल्या मधल्या, 'मीडियम'च्या रकान्याशी तंतोतंत जुळलं. मॅडमनी पुन्हा एकदा टेप लावून पाहिली.

"इतक्या वर्षांत असं माणूस पहिल्यांदाच बघतेय!" त्या म्हणाल्या आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तीन भावंडांत ही मधली, दिसायला चारचौघींसारखी. टाळ्या मिळाव्यात असं आपल्यात काही असेल, हे तिच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते.

पुढची साडेतीन वर्षं मात्र ते जमिनीवरच राहिले, आणि दिवसदिवस राहिले.

शिवणकामाच्या हॉलमध्ये कपडे चढवून बघायला अकरा पुतळे होते. चारांचे स्क्रू ढिले, एकाची मान कलंडलेली. शिवाय पुतळा हात वर करून दाखवत नाही, काखेत कुठे काचतंय ते सांगत नाही. ही सांगायची. मग काय, "मीडियम, दोनच मिनिटं उभी राहा ना," असं म्हणत जी ती यायची. दोन मिनिटांचा तास व्हायचा. एकीच्या टाचण्या निघेपर्यंत दुसरी बाही घेऊन तयार. नाही म्हणायला तिची जीभच रेटायची नाही. कुणाचं उद्या सबमिशन, कुणाच्या डोळ्यांत पाणी; आपण हललो तर त्यांचं अडेल, असं तिला वाटायचं.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकीला सहा कपड्यांचं कलेक्शन करायचं होतं. त्याच्या जोडीला मर्चंडायझिंगची जाडजूड फाइल: हे कपडे कोण घेणार, कोणत्या दुकानात ठेवायचे, कोणत्या मापाचे किती नग काढायचे, नाही खपले तर काय करायचं. हिचे मांजरपाटाचे तीन कच्चे नमुने महिनाभर हँगरला लटकत होते. फाइलमध्ये पहिलं पान होतं, तेही कोरं.

ती आत्याकडे राहायची. आत्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी आठ तास उभी असायची. संध्याकाळी दोघी एकाच टबात गरम पाण्यात पाय बुडवून बसायच्या आणि कोणाच्या पोटऱ्या जास्त सुजल्यात ते बघायच्या.

"तू शिकायला जातेस की पहाऱ्याला?" आत्याने एकदा विचारलं.

"सगळ्यांचं अडतं गं."

"आणि तुझं?"

"माझं होईल."

"कधी? मी रिटायर झाल्यावर?" आत्या म्हणाली. पण तीही इतकी दमली होती, की पुढे बोलण्याऐवजी तिने डोळेच मिटले.

सबमिशनला तीन आठवडे उरले होते. लंबू तिची वर्गातली सगळ्यात जवळची मैत्रीण, ताडमाड उंच आणि तेवढीच उतावळी. तिने आपला गडद निळा ड्रेस मीडियमच्या अंगावर चढवला, मागची चेन लावली आणि दोन पावलं मागे सरकली. ड्रेस कमरेत झोळीसारखा लोंबत होता. लंबूने झटकन टेप लावली. कंबर दीड इंच कमी!

"अगं, तू बारीक झालीस!" लंबू किंचाळली. "आता माझ्या ड्रेसचं काय?"

आजूबाजूच्या चार-पाच जणी धावत आल्या. "म्हणजे माझापण चुकला असणार!" "तरी मी म्हणतेय स्कर्ट का घसरतोय!" "निदान सांगायचंस तरी!" जी ती आपापल्या कापडाकडे बघत होती. बारीक का झालीस, दुपारी जेवतेस तरी का, हे कुणी विचारलं नाही. जेवायच्या सुट्टीतही ती उभीच असायची, हे सगळ्यांनी रोज पाहिलेलं होतं.

मीडियमला राग यायला हवा होता. पण रागाला लागते तेवढी ताकदही अंगात उरली नव्हती. तिने हात मागे नेऊन चेन काढली, ड्रेस लंबूच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी बसते आता." आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर खरोखरच बसली. कुणीतरी "मीडियम, दोनच..." म्हणून सुरुवात केली, तर तिने नुसती मान हलवली. पहिल्यांदाच. एवढं सोपं होतं, याचं तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमना भेटली. मॅडमनी तिचे नमुने उलटसुलट करून पाहिले.

"हात चांगला आहे तुझा. पण उभं राहण्याला मार्क नसतात, बाळा."

"तुम्हीच पाठवायचात मुलींना माझ्याकडे."

मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या. "हो," त्या म्हणाल्या, "चुकलंच माझं."

दुपारी जेवू लागल्यावर तिची कंबरही पुन्हा भरली. तीन आठवड्यांत तिचे चार कपडे झाले, फाइल भरली, दोन कपडे राहिले. परीक्षक म्हणून कपड्यांच्या एका कंपनीतल्या बाई आल्या होत्या. त्यांनी चारही कपडे पाहिले, फाइल चाळली आणि मग तिलाच पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आमच्याकडे नमुने घालून बघायला मीडियम मापाची मुलगी हवी आहे. येतेस?"

"डिझाइनला जागा आहे का?"

"सध्या नाही. पण काम हलकं आहे. नुसतं उभं राहायचं."

"मग नको," ती म्हणाली. आपण इतक्या पटकन बोललो, याचं तिलाच नवल वाटलं.

निकालात तिच्या नावापुढे 'दोन कपडे बाकी' असा शेरा आला. मुदत दोन महिन्यांची. बाकीच्या पास होऊन पांगल्या. तिने आत्याच्या जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं आणि खुर्ची ओढून कामाला लागली.

आठवडाभराने लंबू दारात उभी. माफीबिफी काही नाही. आत आली, समोरची खुर्ची घेतली आणि म्हणाली, "दे इकडे, खालच्या काठाची हेम मी घालते. कुठल्या रंगाचा दोरा?"

मीडियमने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग करड्या दोऱ्याचं रीळ पुढे सरकवलं.

संध्याकाळी आत्या कामावरून आली तेव्हा दोघी टाके घालत होत्या. आत्याने चपला कोपऱ्यात भिरकावल्या, टेबलावरचा पसारा पाहिला आणि म्हणाली, "एक ताट मावेल एवढी तरी जागा करा गं. मला उभ्याने जेवायला लावू नका."

लंबूने कापड गोळा करून मांडीवर घेतलं. तिघी टेबलाभोवती बसल्या.