मैनेचा वाटा

अक्काने मृत्युपत्र केलं आणि तळमजल्यावरचं आपलं शिवणकामाचं दुकान संधिवातावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या नावे लिहून दिलं, हे कळताच तिच्या धाकट्या भावाचं डोकंच फिरलं. हा भाऊ चष्मेवाला. गिऱ्हाइकांची नजर तपासण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या कपाळावर सरकवलेला चष्मा दर वेळी मुलीने दाखवून द्यावा लागे. अक्काला मूलबाळ नाही, तेव्हा दुकान आपल्या मुलीलाच मिळणार, हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की भिंतींचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

मुलीला घरात मैना म्हणत, कारण नकला करण्यात ती पटाईत. शेजाऱ्यांची शिंक, बापाचं ‘आता खालची ओळ वाचा बघू’, काही म्हणून सुटायचं नाही. सध्या तिने आत्याला धरलं होतं. अक्काची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. ती कप दोन्ही तळव्यांत धरी, दार कोपराने ढकली. हल्ली मैनाही हुबेहूब तसंच करी. बाप पोट धरून हसे, टाळ्या पिटी, आणि मग मैना ऐटीत वाकून दाद घेई.

सकाळी तो तरातरा खाली गेला. अक्का कोमट पाण्यात हात बुडवून बसली होती.

“सख्खी भाची सोडून परक्यांची धन केलीस, अक्का!”

“परके कसले? माझ्या बोटांची विचारपूस तुझ्यापेक्षा तेच जास्त करतात.”

“इतक्या वर्षांत त्यांनी काय दिवे लावले?”

“लागले नाहीत, म्हणून तर तेल घालतेय.”

“आणि उद्या औषध सापडलं तरी तुला त्याचा काय उपयोग? मैनेच्या वाट्याला काय?”

“सगळं तिच्याच वाट्याला आहे, बाबा,” अक्का म्हणाली. पण आता ती हसत नव्हती. “अरे, नकला करणाऱ्याचा एक डोळा बघणाऱ्यावर असतो. परवा ती इथे एकटीच होती, मी पडद्याआड. कात्री उचलायला गेली, बोटं मिटेनात. दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली आणि रडली. तेव्हा टाळ्या वाजवायला कोण होतं?”

तो तिच्यासमोरच्या स्टुलावर टेकला.

“डॉक्टरांकडे मीच नेलं तिला. तिलाही माझंच दुखणं आहे. तुला सांगू नको म्हणाली. बाबा हसतात तेवढं बरं वाटतं, म्हणाली.”

जिना चढताना त्याला आपल्या सगळ्या टाळ्या आठवल्या आणि स्वतःची विलक्षण लाज वाटली.

मैना स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, कप दोन्ही तळव्यांत. चाहूल लागताच ती गर्रकन वळली, आत्यासारखे ओठ मुरडले आणि टाळीची वाट बघत राहिली.

चष्मेवाल्याने टाळी वाजवली नाही. त्याने आपला कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला. निम्मा चहा शर्टावर सांडला.

“छे, बाबा! तुम्हाला नाही जमत.”

“मग शिकव ना.”

मैनेचं हसू ओठांवरच थांबलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग जवळ येऊन आपल्या सुजलेल्या बोटांनी तिने त्याचे तळवे कपाभोवती बसवले.

“अंगठे आत घ्या,” ती म्हणाली. “म्हणजे कमी दुखतं.”